उशीएवढा अंगठा

मल्लेश्वरमच्या फुटपाथवर मी माझी चित्रं मांडून बसले होते. एका चित्रात मीच होते, सोफ्यावर लोळत फोनवरून ‘तळं वाचवा’च्या पोस्ट पुढे ढकलणारी, अंगठा उशीएवढा. आपल्याच्यानं एवढंच होतं, याची लाज मी रंगवली होती.

मोगरा माळलेल्या एक अक्का थांबल्या. भाजीची पिशवी खाली ठेवून त्यांनी आपला अंगठा चित्रातल्या अंगठ्याला लावून पाहिला आणि त्या खदखदून हसल्या. “हा तर माझाच! स्वल्प सरक गं, फोटो काढून ग्रुपवर टाकते.”

“टाकून काय होतं, अक्का?” मी विचारलं.

“अगं, माणसाला जेवायलासुद्धा हाक मारावी लागते की!”

तासाभरात त्यांच्या पाच-सहा मैत्रिणी अंगठे पुढे करून चित्राभोवती हसत उभ्या होत्या. एकीनं विचारलं, “आणि हे तळं कुठाय गं? जाऊया की.”