रियाधची निवडणूक आणि न आलेली पाहुणी

विमान खाली येऊ लागलं तशी माझ्या शेजारच्या मल्याळी नर्सने वरच्या कप्प्यातली पिशवी काढली आणि पंजाबी ड्रेसवर काळा अबाया (अंगभर झगा) चढवला. मागेपुढे सगळ्याच बायकांची तशी गडबड चालली होती. मीही लेकीने पाठवलेला अबाया साडीवरून घातला. तो मला लांब होता, म्हणून निघण्याआधी खालून दुमडून शिवून घेतला होता. खिडकीतून दिव्यांच्या सरळ रेघा दिसत होत्या आणि त्यांच्या पलीकडे नुसता अंधार. समुद्र नाही, डोंगर नाही, डोळा टेकायला काहीच नाही. कोकणातल्या माणसाला असं पाहायची सवय नसते.

ही गोष्ट २००५ च्या सुरुवातीची. माझी मुलगी मृणाल, जावई अनिरुद्धराव आणि नात इरा रियाधला राहत होते. आमचे हे सुपारीची बाग सोडून यायला तयार नव्हते, म्हणून मी एकटीच निघाले. तशी मी भित्री नाही. आमच्या खाडीकाठच्या गावात महिला राखीव जागेवरून निवडून येऊन पाच वर्षं नगरसेविका होते. सभागृहात टेबल आपटणारे पुरुष मी पाहिले आहेत. पण पासपोर्ट तपासणाऱ्या त्या पोरसवदा अधिकाऱ्याने माझा व्हिसा उलटसुलट करून बाजूच्या माणसाला बोलावलं, तेव्हा मात्र मी घाबरले. दोघं काहीतरी बोलले, हसले, आणि त्याने शिक्का मारला. “यल्ला” (चला) म्हणत त्याने मला पुढे हाकललं. बाहेर अनिरुद्धराव दिसले तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

घरी जाताना रस्त्याकडेला मोठमोठे तंबू दिसत होते. आत झुंबरं, गालिचे, दारात दिव्यांच्या माळा. मी विचारलं, लग्नसराई आहे का? अनिरुद्धराव म्हणाले, निवडणूक आहे, तीही तुमच्याच विषयातली, नगरपालिकेची. अर्ध्या जागा लोकांनी निवडायच्या आणि उरलेल्या सरकारने भरायच्या. पक्ष नाहीत, त्यामुळे झेंडे नाहीत आणि चिन्हंही नाहीत. उमेदवार तंबू ठोकतो, आल्यागेल्याला भात-मांस खाऊ घालतो आणि आपलं म्हणणं मांडतो. बायकांना मात्र मत नाही आणि उभंही राहता येत नाही. मी काचेला नाक लावून ते तंबू पाहत राहिले. निवडणूक म्हटली की माझे पाय आपोआप तिकडे वळतात, आणि इथे गाडीतून उतरायचीही सोय नव्हती.

पहिले काही दिवस घरातच गेले. रियाधची थंडी कोरडी, ओठ फुटतात. इरा माझ्याशी हिंदी-इंग्रजीत बोलायची आणि मी तिला मराठीत उत्तर द्यायची. सुट्टीच्या दिवशी बथा या जुन्या भागातल्या बाजारात गेलो. तिथे केळीची पानं आणि ओलं खोबरं मिळालं, शिवाय मंडणगडकडचा एक वेल्डरही भेटला. माझी साडी अबायाच्या खालून दिसली म्हणून तो थांबला होता. “काकी, कुठच्या तुम्ही?” एवढंच विचारून तो गावाकडच्या पावसापाण्याबद्दल बोलत राहिला. अजान झाली तशी दुकानांची शटरं धडाधड खाली आली आणि आम्ही भाजीच्या पिशव्या घेऊन फुटपाथवर उभे राहिलो. मृणाल माझ्या डोक्यावरचा रुमाल सारखा कपाळावर ओढत होती. मुतव्वा (धार्मिक पोलीस) फिरत असतात, असं ती पुटपुटली.

मग एक दिवस तिथे पाऊस झाला. आपल्याकडे त्याला नुसती सर म्हटलं असतं. पण रस्त्यांना पाणी जायला वाटच नव्हती. पुलाखालच्या रस्त्यात गाड्या अर्ध्या बुडाल्या आणि अनिरुद्धराव घरी पोचेपर्यंत अंधार झाला. मी म्हटलं, तुमच्या उमेदवारांपैकी गटारांबद्दल कोणी बोलतंय का? बोलणारा एकच होता आणि तो नेमका अनिरुद्धरावांचा कफील (ज्याच्या जामिनावर परदेशी माणसाला तिथे राहता येतं तो मालक). त्याला सगळे अबू नासिर (नासिरचा बाप) म्हणत. परदेशात शिकलेला, रुग्णालयांना यंत्रं पुरवणारा व्यापारी. अनिरुद्धरावांनी नगरसेविका राहिलेल्या सासूबाईंचं बोलणं ऑफिसात सहज सांगितलं. अबू नासिर हसला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोकडून आमंत्रण आलं. निवडून आलेली बाई घरातल्यांना पाहायची होती.

अनिरुद्धराव जरा घुटमळले. पण कफीलच्या घरचं आमंत्रण नाकारायचं कसं? त्यांचा इकामा (राहण्याचा परवाना) नव्याने करायला कंपनीकडे दिलेला होता.

अबू नासिरच्या घराला बायकांचं दार वेगळं होतं. आत गेल्यावर मृणालने अबाया उतरवला, मीही उतरवला आणि माझी इरकली पाहून दोघीतिघींनी पदर हातात घेतला. यजमानीण उम्म नासिर गोरी, ठसठशीत, बोलायला शांत. तिची धाकटी बहीण कॉलेजात शिकवायची आणि छान इंग्रजी बोलायची. तिचं नाव हिंद. नाव ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. कोपऱ्यात अबू नासिरची म्हातारी आई आणि आजूबाजूच्या काही शेजारणी होत्या. वेलदोड्याची फिकट कॉफी आली. कप रिकामा झाला की लगेच भरला जाई आणि मीही संकोचाने पीत राहिले. नको असेल तर कप हलवायचा असतो हे मृणालने कानात सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. मग जरीश आलं, ताकात शिजवलेली भरडलेल्या गव्हाची मऊ खिचडी, वर तळलेला कांदा. मला मनापासून आवडलं.

हिंदलाही उमेदवार व्हायचं होतं. तिने तयारी सुरू केली होती, आणि मग जाहीर झालं की बायकांसाठी वेगळी केंद्रं उभारायला वेळ नाही, यंदा त्यांचा सहभाग नाही. हे ती अगदी सपाट आवाजात बोलली. मग विचारलं, “प्रचाराला पहिल्या दारात गेलात तेव्हा काय म्हणालात?”

मी सांगितलं, “म्हटलं, तुमच्या दारापुढचं गटार मी पाहून आलेय. आत येऊ का?”

मृणालने ते इंग्रजीत सांगितलं, हिंदने अरबीत, आणि खोलीभर हसू पसरलं. म्हातारीला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की मी सभेला गेल्यावर स्वयंपाक कोण करायचं. आमचे हे पिठलं-भात करतात असं सांगितल्यावर तिने माझा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही. निघताना उम्म नासिरने अत्तराचा बोळा माझ्या मनगटावर फिरवला. गाडीत मृणाल म्हणाली, इतक्या वर्षांत या घरात मी पहिल्यांदा मोकळी बसले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत घरातली हवा बदलली. अनिरुद्धराव जेवताना बोलेनात. फोन वाजला की आत जाऊन दार लावून घेत. मृणालचे डोळे सुजलेले. शेवटी मी तिला स्वयंपाकघरात अडवलं, तेव्हा तिने सांगितलं. शहरभर मोबाइलवर एक यादी फिरत होती. प्रत्येक प्रभागातलं एक नाव, धर्मपंडितांनी पसंत केलेलं. तिथे प्रत्येक मतदाराला शहरातल्या प्रत्येक प्रभागासाठी एकेक मत होतं. आपल्या प्रभागाबाहेरची माणसं कोणाला माहीत असणार? यादी हातात असली की काम सोपं. हे ऐकताक्षणीच मला निकाल कळला. अबू नासिरचं नाव त्या यादीत नव्हतं. पण खरी भीती पुढे होती. यादीपाठोपाठ दुसरा संदेश फिरत होता. अबू नासिरने राजकारण करणारी एक मूर्तिपूजक परदेशी बाई घरात आणून बायकांना धडे दिले, असा. ऑफिसातल्या इजिप्शियन हिशेबनिसाने तो अनिरुद्धरावांना दाखवला आणि म्हणाला, घरच्यांना जपा.

ती बातमी कोणी बाहेर नेली ते आजवर कळलेलं नाही. मी मात्र हातातली कणीक तशीच ठेवून खाली बसले. मुतव्वा दारात आले तर? इकामा झालाच नाही तर? इराची शाळा, घर, सगळं एका सहीवर टांगलेलं. मी म्हटलं, माझं तिकीट अलीकडचं करा, मी उद्याच जाते. अनिरुद्धराव म्हणाले, “आई, तुम्ही आत्ता गेलात तर संदेश खरा होता असं होईल.” मग जिन्यात पाऊल वाजलं की आम्ही तिघं एकमेकांकडे पाहायचो. देव्हाऱ्यातल्या चिमुकल्या गणपतीला मृणालने साड्यांच्या घडीत ठेवलं.

आमच्या इमारतीचा मालक पिकल्या दाढीचा वृद्ध सौदी होता. जिन्यात मी दिसले की भिंतीकडे तोंड करून उभा राही. मला त्याचीच जास्त धास्ती वाटायची. एके सकाळी त्याने अनिरुद्धरावांना थांबवलं तेव्हा मी दारामागे उभी होते. त्याला पाण्याचा पंप दुरुस्त झाल्याचं सांगायचं होतं. बोलता बोलता त्याने सांगितलं, की आपण यादीलाच मत देणार. ही माणसं आमच्या मुलांना शिकवतात, मयताला येऊन उभी राहतात, आणि त्यांनी आम्हाला तंबूत बोलावून जेवण घातलेलं नाही. जेवण घालणाऱ्यांचा मला भरवसा वाटत नाही. अनिरुद्धरावांनी हे सांगितलं तेव्हा मला त्याचं म्हणणं अगदीच परकं वाटलं नाही. माझ्या वॉर्डातल्या कितीतरी म्हाताऱ्यांनी हेच म्हटलं असतं.

मतदानाचा दिवस सुट्टीचा होता. घरात बसवेना, म्हणून शहराबाहेरच्या दिरिया या जुन्या राजधानीच्या मातीच्या भिंती पाहायला निघालो. वाटेत एका शाळेबाहेर रांग होती. पांढरे झगे, लाल चौकटीचे रुमाल, सगळे पुरुष. कोणी मोबाइलवर पाहत कागदावर काही उतरून घेत होता. म्हाताऱ्या बापाला हाताला धरून आणणारा एक माणूस पाहिला आणि मला आमच्या गावच्या शाळेची आठवण आली. गाडी हळू करा म्हणावंसं वाटलं, पण म्हटलं नाही. दिरियात मातीच्या पडक्या भिंती उन्हात सुंदर दिसत होत्या. पण मी काय पाहिलं ते आज नीट आठवत नाही. डोळ्यांसमोर ती रांगच होती.

निकाल लागला. यादीतली नावंच निवडून आली, सगळीच्या सगळी. अबू नासिर हरला. आठवडा सुरू झाला त्या सकाळी अनिरुद्धराव ऑफिसला गेले. त्यांनी नेहमीचा डबाही घेतला नाही. मृणालने तीनदा फरशी पुसली. दुपारी ते परतले, बूट न काढता खुर्चीत बसले आणि हळूहळू सगळं सांगितलं.

अबू नासिरने त्यांना आत बोलावून दार लावून घेतलं होतं. इकाम्याचं कार्ड टेबलावर तयार होतं, ते पुढे सरकवलं. संदेश त्याला मतदानाआधीच कळला होता. त्याच्या माणसांनी सांगितलं, आता तंबूत उभं राहून नाकार. आणि त्याने नाकारलं. अशी कोणी बाई माझ्या घरी आलीच नाही, मी तिला ओळखत नाही, असं शंभर माणसांसमोर बोलला. तरी हरला. ही गोष्ट त्याने खाली मान घालून सांगितली आणि म्हणाला, घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. तुमच्या सासूबाईंना माझा सलाम सांगा. त्याच्याने माफी मागवली नाही.

मला हायसं वाटलं. परवाना झाला होता. पण त्या हायसं वाटण्याच्या आत कुठेतरी काहीतरी टोचत होतं.

माझ्या परतीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, खाली एक मोठी गाडी थांबली. मृणालने पडद्याआडून पाहिलं आणि पांढरीफटक झाली. दोन बायका उतरून जिन्याकडे येत होत्या. जिन्यात मालक उभा होता. तो नेहमीसारखा भिंतीकडे वळला आणि त्यांनी त्याला मोठ्याने सलाम केला. मृणालने दार उघडलं. उम्म नासिर आणि हिंद. चेहऱ्यावरचा पडदा वर करून उम्म नासिर आमच्या सतरंजीवर बसली. हिंदने एकेक वाक्य इंग्रजीत केलं.

“तुम्ही माझ्या घरी आला नव्हता असं लोकांना सांगितलं गेलं. म्हणून मी तुमच्या घरी आले. मी आले नाही असं आता कोणी म्हणणार नाही.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तव्यावर घावन घातले. दोघींनी नारळाच्या गोड रसात बुडवून खाल्ले, हिंदने आणखी मागून घेतले. मी चहाचा कप भरत राहिले. दुपारभर आम्ही निवडणुकीबद्दल अवाक्षर काढलं नाही. मुलं, सांधेदुखी, खोबरं कसं खवायचं, हेच बोललो. निघताना उम्म नासिरने मला जवळ घेतलं आणि जिन्यात खालपर्यंत तिच्या चपलांचा आवाज ऐकू येत राहिला. तिला घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. विमानात बसेपर्यंत धास्ती होतीच. कोणी मागून हाक मारील असं वाटत होतं. मुंबईच्या दमट हवेत अबाया काढून पिशवीत टाकला. घरी आल्यावर शेजारीपाजारी विचारायचे, तिकडे कोण जिंकलं? मी सांगायची, जुन्या वळणाची माणसं जिंकली. सगळे मान हलवायचे आणि विषय संपायचा. बाकीचं सांगायला कुठून सुरुवात करावी ते कळत नसे.

पुढे आमच्या नगरपरिषदेची निवडणूक आली. मी उभी नव्हते. मतदानाला मात्र सकाळीच गेले. खोलीत सगळे पुरुषच होते, टेबलामागे कर्मचारी आणि बाकावर उमेदवारांचे प्रतिनिधी. माझी चिठ्ठी घेऊन पहिल्या माणसाने नियमाप्रमाणे मोठ्याने नाव वाचलं, “सुलभा गजानन पाटणकर.” इतक्या वर्षांत ते किती वेळा वाचलं गेलं असेल. बाकावरच्या प्रतिनिधींनी आपापल्या कागदावर खूण केली. मी तिथेच उभी राहिले, तेव्हा त्या माणसाला वाटलं मला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा, आणखी मोठ्याने नाव घेतलं.

“हो,” मी म्हटलं, “आलेय.”