मुळात ते आपलंच

मैत्रिणीच्या गाडीत मागच्या सीटवर काळे बूट पडले होते, टाचेला आणि चवड्याला बारीक खिळे ठोकलेले. "हे काय गं?" मी विचारलं. "फ्लेमेंकोचे, त्या स्पॅनिश नाचाचे. थर्सडे इव्हनिंगला जाते मी, दोन टर्म झाल्या," असं म्हणून ती राउंडअबाउटकडे बघत राहिली. दोन टर्म, आणि मला पत्ता नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आम्ही दोघी पुण्याच्या, पण भेटलो कार्डिफमध्ये. ती इथल्या हॉस्पिटलात, मी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात. दोघी लहानपणी कथक शिकलेल्या आहोत हे कळलं आणि आमचं जमलं. दर वर्षी मंडळाच्या गणपतीत आमचा कार्यक्रम असतो. इथे घरभर कार्पेट, त्यावर पायाचा आवाज निघत नाही, म्हणून मी गॅरेजमध्ये प्लायवूडचा मोठा तुकडा टाकून घेतलाय. ती त्यावर नाचते. मी खुर्चीत बसून हाताने ताल देत बोल म्हणते. पहिल्या वर्षी गुडघ्याचं निमित्त करून बसले ती बसलेच. तिचं पाऊल बरोबर समेवर, म्हणजे नव्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर पडलं, की मी म्हणते, "वा!" चुकलं तर, "पुन्हा." तालमीत आमचं याहून जास्त बोलणं होत नाही आणि मला वाटायचं, गरजही नाही.

तिने फोनवर क्लासचा फोटो दाखवला. शिकवणारी बाई स्पेनच्या दक्षिणेकडची, माझ्याहून मोठी, केस पांढरेशुभ्र आणि पाठ ताठ. तिचा हात माझ्या मैत्रिणीच्या खांद्यावर होता. मी इतक्या वर्षांत कधी तिच्या खांद्यावर हात ठेवला नव्हता. मला ती बाई बघताक्षणी आवडली नाही.

मग मी वाचायला लागले. लंच ब्रेकमध्ये सँडविच एका हातात आणि फोन दुसऱ्या हातात. हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडून, राजस्थान-पंजाबच्या बाजूने निघालेले रोमा, म्हणजे जिप्सी लोक, इराण, तुर्कस्तान करत स्पेनला पोचलेले, आणि फ्लेमेंको त्यांचंच. पायांचा ठेका, मनगटाचं वळण, गिरक्या. माझं समाधान झालं. भेटेल त्याला सांगत सुटले, "फ्लेमेंको ना? मुळात ते आपलंच." ते आपलंच असेल, तर ही कुठे गेलेलीच नाही, असा माझा हिशेब होता.

"इतकं सिंपल नाहीये ते," मैत्रीण म्हणाली. "माझी टीचर म्हणते, रोमा आहेतच, पण अरब आहेत, ज्यू आहेत, तिथले शेतमजूर आहेत. कोणी लिहून ठेवलं नाही, त्यामुळे स्कॉलर्स अजून भांडतायत. आणि अगं, ते लोक निघाले तेव्हा आपलं आजचं कथक तरी कुठे होतं? दरबारातलं सगळं नंतरचं."

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. पण मला मूळ हवंच होतं. आणि तिच्या तोंडी आलेलं ते "माझी टीचर" मला रात्रीच्या जेवणापर्यंत टोचत राहिलं.

त्यातच एका तालमीला ती ते बूट घालून आली आणि "ऐक ना" म्हणत माझ्या प्लायवर उभी राहिली. आवाज मस्त होता, खोटं कशाला बोलू? ती गेल्यावर मी वाकून पाहिलं. लाकडावर बारीक खळगे पडले होते.

त्यांच्या समर शोचं तिने मला तिकीट आणून दिलं. जुन्या चॅपलचा हॉल, पुढची रांग. ती काळ्या झग्यात आली, टीचर बाजूला खुर्चीत बसून टाळ्या देत होती. माझ्या जागेवर! मी मांडीवर बोटं मोजली. बारा मात्रा. बारा म्हणजे आपला एकताल, दुसरं काय! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आवर्तन भरत आलं, दहाव्या मात्रेवर तिने पाऊल आपटून सगळं थांबवलं आणि हॉलभर लोक ओरडले. मला कळेना, हे आत्ताच कशाला ओरडतायत? अजून सम कुठे आलीय? अकरा, बारा मी मनात मोजले. हॉल शांत. ती एक पाय उचलून स्तब्ध. आणि एकावर मी खणखणीत आवाजात म्हणाले, "वा!"

तिचा उचललेला पाय धाडकन खाली आला. तो तिथे यायचा नव्हता; त्यांचं आवर्तन दहावरच मिटतं, हे मला नंतर कळलं. टीचरचे हात क्षणभर थांबले, मग चालू झाले. त्या पावलाने मला झालेला आनंद मी कोणाला सांगू शकत नाही. पाय अजून माझंच ऐकत होते.

फोयरमध्ये ती घामाने निथळत आली. डोळे लाल.

"मूळ आपलं असेल नाहीतर नसेल, तू शोधत बस," ती म्हणाली. "इतकी वर्षं तू मोजतेस आणि मी नाचते. उंटावरून शेळ्या हाकतेस तू. तिथे मी स्वतः मोजत होते गं. पहिल्यांदा. आणि तू तिथेही आलीस."

मी एकटीच घरी आले. गणपती तोंडावर आला होता आणि ती फोन उचलेना. यंदा मी एकटी काय करणार, खुर्चीत बसून कोणासाठी बोल म्हणणार, हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

एका रविवारी तिने बेल वाजवली, आत आली, सरळ गॅरेजमध्ये गेली आणि माझ्या खुर्चीत बसली.

"यंदा बोल मी म्हणणार," ती म्हणाली. "बांध घुंगरू."

"अगं, माझा गुडघा..."

"बांध."

बांधले. प्लायवर उभी राहिले तर तळव्यांना तिच्या खिळ्यांचे खळगे लागले. तिने ताल धरला, बोल म्हणायला लागली. तिचा आवाज माझ्याहून चांगला आहे हे मला तेव्हा कळलं. दम लागला, गुडघा करकरला, पण पाऊल बरोबर समेवर पडलं. माझी खात्री आहे, अगदी बरोबर पडलं. मी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि वाट पाहिली.

"पुन्हा," ती म्हणाली.