कोयता जमिनीवर ठेवणारा

धारूरच्या बाजारात ऊसतोडीच्या कोयत्यांना धार लावणारे एक गृहस्थ बसतात. धार लावलेला कोयता ते कुणाच्या हातात देत नाहीत. जमिनीवर ठेवतात, गिऱ्हाइकानं उचलायचा. हातोहात दिला की भांडण लागतं, असं ते मानतात.

मी त्यांना सामुराई योद्ध्यांच्या जुन्या नियमांचं मराठी पुस्तक वाचायला दिलं होतं. ओठ हलवत, रोज एक पान, असं ते वाचायचे. मत विचारलं तर नुसते हुंकार.

एका दुपारी मी तिथं असताना एक जण तणतणत आला. शेताच्या बांधाच्या वादातून सख्ख्या भावानं त्याला चारचौघांत शिवी दिली होती.

"आत्ताच्या आत्ता धार लावा."

धार लावणाऱ्यांनी त्याचा कोयता घेतला, अंगठ्यानं पारखला आणि आपल्या बसायच्या पोत्याखाली सरकवला.

"उद्या ये."

यांनाही दोन शिव्या हासडून तो गेला. हे दुसऱ्या कोयत्यावर कानस घासत राहिले.

मग त्यांनी ते पुस्तक माझ्यापुढं जमिनीवर ठेवलं.

"सर, अपमान झाला की इचार न करता तलवार काढावी, असं लिवलंय ह्यात. लई मोठी माणसं असतील. पण त्येंच्या तलवारीला धार लावणारा सबंद पुस्तकात एकदाबी बोलत न्हाई. कावून?"