ताटावरच्या करड्या रेघा

ताट विकायचं ठरलंच होतं. ते अस्सल आहे की नाही, एवढंच मी सांगायचं होतं. जुनी चिनीमाती पारखणं हा माझा धंदा. गोव्यातल्या एका संग्राहकानं मला गुंदला, सावित्राक्काच्या घरी पाठवलं होतं.

ताट इमारी निघालं. म्हणजे निळ्यावर लाल-सोनेरी नक्षीचं जपानी. मधोमध बगळा. अक्काचा नवरा दोन वर्षांपूर्वी काळी नदीत वाहून गेला, देह सापडला नाही. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी या ताटात भात वाढून मागच्या पायरीवर ठेवायची. सकाळी ताट रिकामं. कुत्रं खातं, असं दिराचं म्हणणं. गिऱ्हाईक त्यानंच शोधलं होतं. ताट गेलं की वहिनी रामनगरला लेकीकडे जाईल, एकटी कुढत बसणार नाही. अक्काही कशीबशी तयार झाली होती. भरलेली ट्रंक दारात होती.

रिपोर्टसाठी मी टॉर्च तिरपा धरून भिंगातून पाहिलं. झिलईवर करड्या रेघा होत्या. आम्ही त्यांना मेटल मार्क म्हणतो. लोखंड घासलं की चिनीमातीवर पेन्सिलीसारखी रेघ उठते. चमच्याच्या रेघा ताटभर असतात. या फक्त डाव्या अंगाला, आत वळलेल्या. ताट कसं मांडता, मी विचारलं. बगळ्याचे पाय जेवणाऱ्याकडे, ती म्हणाली.

झालं, मी शहाणपण पाजळलं. "लोखंडी अंगठी घालून कुणीतरी डाव्या हातानं जेवलंय यात."

दीर उठून अंगणात गेला.

"आमचं हे डावरं," अक्का हळू म्हणाली. "घोड्याच्या नालेची अंगठी हुती बोटात."

मग त्यांच्याच वेळच्या असतील रेघा, मी सावरायला गेलो.

"न्हाई. ते हुते तवा ताट कपाटात असायचं. ह्यात कुणीच जेवत नव्हतं."

मी पुन्हा भिंग लावलं. रेघांवर मळ बसलेला नव्हता. ताज्या होत्या. लिंबू चोळून पुसून देतो, म्हणालो, तर तिनं ताट हातातून काढून घेतलं आणि ट्रंक आत ओढली. थोड्या वेळानं चुलीपाशी तांदूळ मोजताना तिनं एक मूठ जास्त घातली.

"रोज ताट पुसून खात्यात," ती म्हणाली. "पोट भरत नसंल त्यांचं."

दीर गणेशगुडीपर्यंत सोडायला आला. 'वस्तू अस्सल, विक्रीस नाही,' असं मी संग्राहकाला कळवलं. अक्का अजून गुंदलाच आहे, एकटी. त्याची टोचणी मला आहे. पारख्यानं वस्तूचं वय सांगावं. तीत कोण जेवलं, ते सांगू नये.