मधली चौकट

कंपनीच्या वेबसाइटसाठी 'लीडरशिप टीम'चे फोटो काढायचं ठरलं, तेव्हा आम्हाला हिंजवडीच्या नव्या इमारतीत येऊन दोनच महिने झाले होते. त्याआधी शनिवार पेठेत एका छापखान्याच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. सगळे मिळून बारा जण, दुपारचे डबे एकत्र. हिंजवडीला आल्याबरोबर चौघे मालक 'बोर्ड' झाले. कालपर्यंत बशीत चहा ओतून पिणारी माणसं 'हे आपण ऑफलाइन घेऊ' असं बोलायला लागली. फोटोसाठी चौघांनी भर मे महिन्यात एकसारखे कोट शिवून घेतले, आणि फोटोग्राफर त्यांच्या टकलांवर पावडर थापत उभा होता. पाचवी मी. "एक लेडी हवीच, क्लायंटला बरं दिसतं," असं मोठे साहेब माझ्यादेखतच म्हणाले. मला राग यायला हवा होता. मी ओढणी सारखी केली आणि हसले.

माझ्या जागी खरं तर आमचे चेकर हवे होते. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात: काढले, तपासले, मंजूर. मधल्या चौकटीत या गृहस्थांची आद्याक्षरं पडल्याशिवाय आमच्याकडून कागद बाहेर जात नसे. कॉम्प्युटर आले तरी ते ड्रॉइंग छापून घेत आणि बरोबर असलेल्या प्रत्येक मापावर पिवळी पेन्सिल फिरवत, चुकलेल्यावर लाल. माझ्या पहिल्या ड्रॉइंगवर पिवळा रंग शोधावा लागला होता. "अहो, वस्तू बनवणारा माणूस तुम्हाला फोन करून विचारणार आहे का?" एवढंच म्हणाले, आणि मग दोन वर्षं शेजारी बसवून मला शिकवलं. मला जे काही येतं ते त्यांचं. पण ते आयटीआय झालेले, इंग्रजीत बोलताना अडखळणारे. फोटोत त्यांचं काय काम?

फोटोच्या तीन महिने आधी, जुन्या ऑफिसात असतानाच, एका अमेरिकन पंप कंपनीला एक ड्रॉइंग त्याच दिवशी हवं होतं. चेकर दोन दिवस रजेवर होते. मोठ्या साहेबांनी स्वतः बसून बदल केले, आणि ते हाताच्या सवयीने. आपल्याकडे वस्तू डावीकडून जशी दिसते ते चित्र कागदावर उजवीकडे काढतात, अमेरिकेत ते डावीकडेच काढतात. कागद अमेरिकन, खुणा अमेरिकन, चित्रं मात्र आपल्या पद्धतीने मांडलेली. चेकरनी ते पहिल्या नजरेत पकडलं असतं. मधली चौकट रिकामी असेल तर सॉफ्टवेअर ड्रॉइंग पुढे सोडत नसे. "त्यांची अक्षरं तुम्हीच टाका हो, आल्यावर बघतील," साहेब मला म्हणाले. मी टाकली. ते रजेवरून आल्यावर त्यांना सांगायचं मी विसरले, असं पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. विसरले नव्हते. ते बोलतील म्हणून टाळलं.

फोटो काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेहून मेल आली. ओतलेल्या भागांची सगळी पहिली खेप आरशात दिसावी तशी उलटी निघाली होती. एकही भाग पंपावर बसत नव्हता. संध्याकाळी चेकरना काचेच्या खोलीत बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला आम्ही पाच, समोर ते एकटे. मोठ्या साहेबांनी ड्रॉइंग त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "हे तपासलंय तुम्ही. क्लायंटला कुणाची तरी जबाबदारी दाखवावी लागेल. आपण राजीनामा दिलात तर सगळ्यांनाच सोपं जाईल." आवाज मऊ होता, काळजीचा. दुसरे एक साहेब फोटोंचे नमुने चाळत होते. त्यांना आपली हनुवटी पसंत पडत नव्हती.

चेकरनी चष्मा लावून कागद पाहिला. चूक त्यांना दिसायला पाच सेकंदही लागले नाहीत. मग तारीख पाहिली.

"त्या दिवशी मी रजेवर होतो. मुलीचा साखरपुडा होता," ते म्हणाले. "परत आल्यावर पेढे वाटले होते मी. आपण सगळ्यांनी घेतलेत."

"तारखा कुणाच्या लक्षात राहतात हो?" मोठे साहेब म्हणाले. "आणि रजेचं रजिस्टर शिफ्टिंगमध्ये गेलं कुठेतरी."

बाकीच्या तिघांनी माना हलवल्या. ही माणसं त्यांच्याबरोबर दहा वर्षं एका डब्यातली भाजी खात होती. मला त्या चौघांची शिसारी आली, आणि तेवढ्यात चेकर माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी खरं सांगणार, याची त्यांना खात्री होती.

"मॅडम, तुमच्या लक्षात असेल."

माझ्यासमोर मोठ्या साहेबांचे हात होते, टेबलावर शांत ठेवलेले. ते माझ्याकडे बघतही नव्हते. बघायची गरज त्यांना वाटली नाही.

"नाही सर," मी म्हणाले. "नक्की आठवत नाही."

चेकरनी चष्मा काढून खिशात ठेवला, खुर्ची मागे सरकवली आणि उभं राहून माझ्याकडे पाहत म्हणाले,

"अहो, तुम्ही तर दोन पेढे घेतले होतेत. एक आईसाठी."