उम्म अल कुवैनच्या बाल्कनीतली अंबाडी

दुबईच्या भाजीबाजारात मेथी मिळायची, शेपू मिळायचा, नशीब असेल तर चुकाही. अंबाडी मात्र कधीच दिसली नाही. आम्ही उम्म अल कुवैनला राहायचो, कारण नवऱ्याची फॅक्टरी तिथल्या इंडस्ट्रियल एरियात होती. भाजीसाठी शुक्रवारी दुबई गाठायची आणि मेथीच्या जुड्या घेऊन परतायचं. मी सोलापूरकडची. एका सुट्टीत आईकडून अंबाडीचं बी मागून घेतलं, फोटोच्या रोलच्या रिकाम्या डबीत भरलं आणि इकडे आल्यावर नवऱ्याला सांगितलं, "इथेच लावते."

"वाळूत?" तो हसला.

पहिल्या वर्षी जूनमध्ये लावली. गावाकडे तेव्हाच लावतात म्हणून. इथे जूनमध्ये बाल्कनीच्या लोखंडी कठड्याला हात लावला तर चटका बसायचा. कोंब वर आले आणि जागच्या जागी करपले. दुसऱ्या वर्षी शहाणपणा करून नोव्हेंबरात लावली. हवा छान, ऊन कोवळं. पण रोप वीतभर झालं नाही तोच त्याला कळ्या आल्या. आई फोनवर म्हणाली, "अगं, दिवस लहान झाले की तिला फुलायची घाई होते. पाला कुठून येणार?" म्हणजे उन्हाळ्यात जळते आणि थंडीत वाढत नाही. मधे उरतो तो एवढासा काळ.

तिसऱ्या वर्षी मी तोच काळ धरला. फेब्रुवारीच्या शेवटी, दिवस वाढायला लागल्यावर बी टाकलं. एसीचं पाणी ठिबकायचं त्याच्या खाली बादली ठेवली आणि तेच पाणी कुंड्यांना घातलं. दुपारच्या उन्हासाठी कठड्यावर जुनी चादर बांधली आणि ती ओली ठेवली. मे महिन्यात अंबाडी माझ्या छातीला लागली. खालची पानं गोलसर, पण वरची सगळी बोटं पसरल्यासारखी, कडांना बारीक करवत असलेली.

त्या पानांनीच घात केला.

एका संध्याकाळी बिल्डिंगचा मॅनेजर दारात आला. माणूस आपल्याच देशातला, हिंदी बोलणारा, एरवी चपला बाहेर काढून आत येणारा. त्या दिवशी उंबऱ्यापाशीच थांबला.

"मॅडम, सामने की बिल्डिंगवाले बोलते हैं, आपके यहाँ गांजा है."

मला आधी हसूच आलं. "भाजी है. अंबाडी."

"मैंने भी देखा. पत्ता वही है. आज ही निकाल दो, नहीं तो मुझे पुलिस को बताना पडेगा."

"बताओ," मी म्हणाले.

तो गेला आणि नवरा माझ्यावर तुटून पडला. "तुला वेड लागलंय का? इथे या गोष्टीला काय शिक्षा आहे माहीत आहे? पासपोर्ट कंपनीकडे आहेत आपले. आत्ताच्या आत्ता उपटून टाक."

"उपटली तर काय होईल सांगा. उद्या पोलीस आले तर रिकामी कुंडी बघून काय म्हणतील? लपवलं म्हणतील. आहे तिथे राहू दे. ज्याला बघायचंय तो बघेल."

सातवीतली मुलगी दाराआडून म्हणाली, "आई, प्लीज, जस्ट थ्रो इट. इट्स ओन्ली अ प्लांट."

"म्हणूनच नाही टाकणार," मी म्हणाले. घाबरले नव्हते असं नाही. पण भाजी लावली म्हणून मी गुन्हेगारासारखं का वागायचं, हे माझ्या डोक्यात बसत नव्हतं. कठड्यावरची चादर मी सोडून टाकली. आता रस्त्यावरूनही झाडं दिसत होती.

पोलीस आले ते दोन दिवसांनी, असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजानंतर. एक अधिकारी, पांढऱ्या होत आलेल्या दाढीचा, आणि मागे मॅनेजर. अधिकाऱ्याला हिंदी येत होतं, मोडकं पण स्वच्छ.

"सिस्टर, ये क्या लगाया?"

मी त्याला बाल्कनीत नेलं. त्याने पान उलटंपालटं केलं, बोटांत चुरगळलं, वास घेतला. काहीच वास येईना. मग देठाचा काटा त्याच्या अंगठ्याला लागला.

मी शेंड्याची दोन पानं तोडली आणि तिथेच चावून खाल्ली. कच्ची अंबाडी इतकी आंबट की डोळे मिटतात. "खट्टा है. हमारे गाँव में सब खाते हैं. आप भी खाओ."

नवऱ्याने माझा हात धरायचा प्रयत्न केला. अधिकारी माझ्याकडे बघत राहिला. त्याने पान काही खाल्लं नाही. एक फांदी तोडून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली. "चेक करेंगे. कहीं जाना नहीं."

"पानी दे सकती हूँ ना?"

तो पहिल्यांदाच हसला. "पानी दो."

पुढचे दिवस फार वाईट गेले. नवरा फॅक्टरीतून आला की टीव्ही लावून नुसता बसायचा. लिफ्टमधले लोक माझ्याशी बोलेनासे झाले. मी त्यातल्याच एका दुपारी पाला खुडला, उकडून पाणी टाकून दिलं, तांदळाच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवला, वरून लसणाची सणसणीत फोडणी दिली आणि भाकरी थापली. नवरा ताटावरून उठला. मुलगी म्हणाली, "आय ॲम नॉट हंग्री." मी एकटी जेवले. तीन वर्षांनी खात होते. पोटभर खाल्ली.

अधिकारी पुन्हा आला तो एकटाच. सोफ्यावर बसला, चहा घेतला. "खलास. नो प्रॉब्लेम. ये वो चीज नहीं." मग कप खाली ठेवत म्हणाला, "लेकिन लोग डरते हैं. निकाल दो, अच्छा रहेगा."

"कानून में मना है?"

"नहीं."

"फिर नहीं निकालूँगी."

नवऱ्याने डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्याने मान हलवली. त्याला राग आला असेल असं मला वाटलं, पण तो उठताना म्हणाला, "मेरी माँ भी ऐसी है. यल्ला, चलता हूँ," आणि निघून गेला.

मॅनेजरने त्यानंतर नवा नियम काढला की बाल्कनीत कुंड्या ठेवायच्या नाहीत. मी त्याच्या ऑफिसात जाऊन त्याला हिंदीतच सुनावलं. "प्रत्येक मजल्यावर तुळशी आहेत, मनीप्लांट आहेत. तुमच्याही घरी आहे. सगळ्यांच्या काढा, मग माझी काढते." त्याने टेबलावरचे कागद सारखे केले. त्या नियमाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्यांनी माफी मागितली नाही, आणि मीही पुढे कधी त्यांना सलाम केला नाही.

नवऱ्याचा राग मात्र लवकर गेला नाही. "नशीब म्हणून वाचलो," तो म्हणायचा. "नशीब नाही, ती भाजी होती म्हणून," मी म्हणायचे. या वादात आम्ही दोघंही आजपर्यंत हटलेलो नाही.

उन्हाळ्यात निम्मी रोपं जळाली. उरलेली ऑक्टोबरात फुलली. फुलं फिकट पिवळी, मधोमध गर्द लाल. सकाळी शाळेची बस यायच्या आधी मुलगी बाल्कनीत उभी राहून ती बघायची. एके दिवशी ती मैत्रिणीला घेऊन आली आणि मला मराठीत विचारलं, "आई, हिला एक पान देऊ? खाऊन बघायचंय तिला."

"दे," मी म्हणाले. "काट्याला जप म्हणावं."