फडक्यावर कललेली नळी

ये गं, अशी जवळ सरकून ऐक. दिवाळीपासून मावशीच्या दाराशी फिरकली नाहीस, आणि फोनवर मात्र ऐकवतेस, "मावशी, आता आमच्या लॅबमध्ये थेंबभर रक्तावर मशीन सगळं सांगतं." सांगत असेल. आमच्या वेळचं ऐकून घे, मग मला शिकव.

गिरणीचा संप झाला, तुझे काका घरी बसले, तेव्हा मी मुलुंडला एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागले. शिकलेली सातवी. बाकी सगळं बघून बघून आलं.

तिथे आठव्या महिन्यातच जन्मलेली एक मुलगी होती, दोन दिवसांची. बल्ब लावलेल्या पेटीत ठेवलेली. त्या सकाळी चमच्याने घातलेलं दूध तिच्या ओठांच्या कडेने बाहेर यायला लागलं. डॉक्टरबाईंना इन्फेक्शनची शंका आली. असल्या बाळाला ताप येतोच असं नाही ना, कळेपर्यंत वेळ गेलेली असते. म्हणून बाई टाचेला टोचून केसासारख्या काचनळीत रक्त घ्यायच्या आणि नळी मातीच्या गोळ्यात खोचून, बशीत तासभर उभी ठेवायच्या. लाल रंग किती खाली बसला ते पट्टीने मोजायचं. दोन दिवसांच्या बाळाला चार-पाच रेघा चालतात. जास्त झाल्या की धोका.

बशी खिडकीपाशी होती. मी उकळलेल्या सिरिंजांचा ट्रे घेऊन आले, ठेवायला जागा नाही, म्हणून बशी उचलून बाजूच्या घडी घातलेल्या फडक्यावर ठेवली. एक कड फडक्यावर, एक खाली. नळी कलली. मी बघितलंसुद्धा नाही.

तासाने बाईंनी बशी उचलली, सरळ धरली, पट्टी लावली. आठ रेघा.

"मोठ्या हॉस्पिटलात हलवायला हवं," बाई म्हणाल्या. बाप टॅक्सी आणायला धावला. जानेवारीचा गारठा, मुंबईपर्यंतचा रस्ता, आणि पोर हाताच्या ओंजळीएवढी. तिची आई मलाच विचारते, "मावशी, वाटेत काही होणार नाही ना?"

मी ट्रे उचलायला गेले आणि फडक्यावर बशीचा गोल वळ दिसला, अर्धाच. सिस्टरने मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, नळी तिरकी झाली तर रक्त भरभर खाली बसतं. आता बोलले तर नोकरी जाणार. नाही बोलले तर... टॅक्सीचा हॉर्न वाजला तशी मी बोलले.

सिस्टर मरोळच्या गावठाणातली, तोंडाची फटकळ. "मेंदू पण त्याच फडक्यावर ठेवलास काय गं?"

बाई मात्र ओरडल्या नाहीत. "इन्फेक्शनचं इंजेक्शन आत्ताच द्या, ते थांबवायचं नाही. रक्त पुन्हा घ्या. टॅक्सी उभी राहू दे." मग माझ्याकडे वळून, "तू इथून हलायचं नाहीस."

तो तास मी नळीसमोर उभी होते. रक्त काही डोळ्यांना सरकताना दिसत नाही गं. मागे पेटीत ती श्वास घ्यायची, मध्येच थांबायची, मग माझाही थांबायचा. आपणच तिचा एक तास खाल्ला, खरंच इन्फेक्शन असेल तर, हेच डोक्यात.

पाच रेघा.

"काठावर आहे," बाई म्हणाल्या. "नेत नाही. पण हिच्यावरून नजर काढायची नाही." दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी तिने चमच्यातलं दूध ओढून घेतलं.

नोकरी राहिली. पण तिच्या आईला कुणीच काही सांगितलं नाही. जाताना ती माझ्या पाया पडली, आणि मी पडू दिलं.

आता त्या मुलीची आई नाहूरला राहते. माझा पत्ता काढलाय तिने, रविवारी लेकीला घेऊन भेटायला येते म्हणाली. या वेळी सांगायचं ठरवलंय, पण एकटीने धीर होत नाही. तू ये. त्या यायच्या आधी, सकाळीच ये.